ताकदीची गोळी

नवीन पनवेल
३० जानेवारी २०२६

सोनम,

निकालाची प्रत सोबत जोडली आहे. अकरा पानं आहेत, सगळी इंग्रजीत. तुला लागेल तेवढं मराठीत सांगते. चार वर्षांची बंदी, १४ जानेवारी २०२५ पासून मोजायची. पुण्याच्या राष्ट्रीय स्पर्धेतलं पाच हजार मीटरचं सुवर्णपदक रद्द, १६:५२ ही वेळही रद्द. कारण पान आठवर आहे: ट्रायमेटाझिडिन शरीरात कसं गेलं हे खेळाडूला सांगता आलं नाही, त्यामुळे ते मुद्दाम घेतलेलं नाही असं मानता येत नाही.

निकाल २७ तारखेला आला. अपिलाला एकवीस दिवस मिळतात, म्हणजे १७ फेब्रुवारीपर्यंत. दिपिका वकील म्हणतात, नवीन काही सांगण्यासारखं असेल तरच अपील करा. गोळी कुठून आली हे दाखवता आलं आणि चूक तुझी नव्हती हे पटलं, तर चाराची दोन वर्षं होऊ शकतात, कदाचित त्याहून कमी. दोन म्हणजे तू तेवीस वर्षांची. चार म्हणजे पंचविशी उलटलेली, आणि रेल्वेचा खेळाडू कोटा पंचविशीला बंद होतो. हे तुला माहीत आहे. तरी लिहिलं.

पान पाचवर त्या औषधाची माहिती आहे. हृदयाचे स्नायू बहुतेक वेळ चरबी जाळून काम करतात. ही गोळी त्यांना साखर जाळायला लावते. साखरेला तेवढ्याच कामासाठी ऑक्सिजन थोडा कमी लागतो. ज्याच्या हृदयाला रक्त कमी पडतं त्याला त्यामुळे आराम पडतो. निरोगी धावणारीला किती फायदा होतो, किंवा होतो का, याबद्दल एकमत नाही. बंदीच्या यादीत मात्र ती बाराही महिने आहे.

तुझा फोन ऑक्टोबरपासून बंद लागतो. मोखाड्याला आश्रमशाळेच्या स्वयंपाकघरात लागलीस एवढं तुझ्या आईकडून कळलं, म्हणून पत्र.

माझ्या फोनमध्ये तुझे एक्केचाळीस फोटो आहेत. खोकल्याचं सिरप, पायाला लावायचं मलम, मैत्रिणीने दिलेली चॉकलेटची वडी. प्रत्येकाखाली एकच प्रश्न: ‘मनुताई, हे चालेल?’ प्रत्येकाला मी यादी बघून उत्तर दिलं. या गोळीचा फोटो आलाच नाही. ती तुझ्यापर्यंत पोचली हे मला माहीत नव्हतं.

माझे बाबा म्हणून नाही, तुझे कोच म्हणून विचारत असशील तर दाजी बरे आहेत. मैदानावर जात नाहीत. गावातली दोन मुलं धावायला शिकवा म्हणून आली होती, त्यांना परत पाठवलं.

मनस्वी


नवीन पनवेल
४ फेब्रुवारी २०२६

सोनम,

पत्र पोचलं. पोस्टाच्या साइटवर तुझी सही दिसते. उत्तर नाही आलं. मी वाट बघत होते असं नाही, पण दिवस मोजत होते.

मागच्या पत्रात एक गोष्ट लिहिली नाही. दाजींची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा तू आईबरोबर हॉस्पिटलात आली होतीस. त्यानंतर डॉक्टरांनी ज्या पाच गोळ्या दिल्या, त्यांतली एक ट्रायमेटाझिडिन आहे.

दाजी त्या घेत नव्हते. तुला त्यांचा स्वभाव माहीत आहे. वीस वर्षं गावाच्या संघातून कबड्डी खेळलेला माणूस, म्हणायचे, “हार्टच्या गोल्या म्हातारी मानसं खातात.” चार गोळ्या मी डोळ्यांसमोर उभं राहून गिळायला लावत असे. पाचवी, म्हणजे हीच, जेवणाबरोबर दोन वेळा, आणि संध्याकाळी मी कंपनीत असायचे. एक दिवस कंटाळून मी म्हणाले, “बाबा, ही हार्टची नाही. ही ताकदीची आहे. हृदयाला ताकद देते.”

त्यानंतर त्यांनी ती एकदाही चुकवली नाही. चहाच्या टपरीवर चारचौघांना दाखवायचे: “मनूनं ताकदीची दिलीय.”

औषधशास्त्राची पदवी आहे माझी. औषधाला काय म्हणायचं हे मला शिकवलेलं आहे. तो शब्द मी माझ्या सोयीसाठी वापरला.

गेल्या वर्षी जानेवारीत तुझ्या नोटिशीवर गोळीचं नाव वाचलं आणि घरी येऊन दाजींची डबी उघडली. वेगळा अर्थ निघत नव्हता. पण माझी कंपनी हीच गोळी बनवते आणि मी तिथल्या क्वालिटी कंट्रोलमध्ये आहे. पहिला संशय माझ्यावर आला असता, दुसरा दाजींवर. मी दाजींना सांगितलं की तुझ्या पावडरीत भेसळ निघाली असणार. दिपिका वकिलांनाही तेच सुचवलं. पावडर तपासायला पाठवली, ती स्वच्छ निघाली. निघणारच होती. ‘स्रोत मला माहीत नाही’ हे तुझ्या जबानीतलं वाक्य मी टाइप केलं आणि तू सही केलीस.

काल संध्याकाळी दाजींना विचारलं. ते टीव्हीवर कबड्डी बघत होते.

“बाबा, पुण्याला सोनमला गूळ दिला होतास?”

“दिला ना. शर्यतीच्या सकाली गूल देतात. आमी खेलायला निघालो का माझी आय द्यायची.”

“नुसता गूळ?”

त्यांनी आवाज कमी केला. “ताकदीची दाबली व्हती त्यात. माझ्याच वाटची. मी नाय खाल्ली त्या सकाली. का गं? येकाच दिवसाची गोष्ट.”

“ती हार्टची गोळी आहे. तिच्या तपासणीत तीच सापडली.”

ते टीव्हीकडे वळले. कोणीतरी चढाईत बाद झालं. मग म्हणाले, “तूच बोललीस ना, ताकदीची?”

“हो.”

“मंग नाय ताकदीची?”

“नाही.”

“म्हंजे मना एवढे दिवस हार्टचीच चारलीस.” ते हसले, आणि तसेच हसत असताना त्यांचा चेहरा बदलला. “आणि मी ती पोरीला चारली.”

रात्री जेवले नाहीत. आज सकाळी डबी माझ्यासमोर आपटून म्हणाले, “नाव लिहून दे तिचं. मोठ्या अक्षरात. कोरटात बोलायला लागंल ना मना.” कोर्ट नाही, पॅनेल आहे, म्हटलं. “जे काय आसंल ते.” दुपारपर्यंत ते ‘टायमेटाझिन’ पर्यंत आले होते.

दिपिका वकिलांना हे कळवलं आहे. त्या दाजींचं प्रतिज्ञापत्र करायचं म्हणतात. अपिलावर सही तुझी लागेल.

मनस्वी


पनवेल
८ फेब्रुवारी २०२६

सोनम,

आज बाजारात तुझी आई भेटली. भांबुर्ड्याच्या पाल्याच्या जुड्या घेऊन बसली होती. या पाल्यात शेंगा घालून मडक्यात भाजायचे, पोपटीचे दिवस आहेत, गिऱ्हाईक बरं होतं. मी पुढे उभी राहिले तरी तिने मान वर केली नाही.

“शुक्रीबाय, एक जुडी.”

“येका जुडीत काय पोपटी व्हते? कंपनीत शिकवत नाय वाटतं.” मग वर बघितलं. “तुजी पत्रं पोचली. दोनी. काल शालेच्या बाईंच्या फोनवरून बोलली सोनी.”

“काय म्हणाली?”

तिने जुड्यांवर पाणी शिंपडलं. आधी शेजारच्या बाईला सुटे पैसे दिले, मग माझ्याकडे वळली.

“तिला ठावं व्हतं. गूल तोंडात घेतला तवाच कडू लागला. दाजींना वाईट वाटंल म्हनून गिलला. मंग तो कागूद आला, तवा समजली.”

“मग सुनावणीत का नाही सांगितलं?”

“कुनाचं नाव घेनार व्हती? जेनं धावाया शिकवलं त्याचं? ती बोलली, दाजी ताईचा बाप हाय. ताईनं सांगितलं तर सांगितलं.” तिने पाला नीट रचला. “त्या दिवशी ती तुज्याकडं बगत व्हती. तू टेबलाकडं बगत व्हतीस. हे पन बोलली.”

तो दिवस मला नीट आठवतो. १६ ऑक्टोबर, दिपिका वकिलांचं ऑफिस, लॅपटॉपच्या पडद्यावर तीन माणसं. त्यांतल्या एकाने विचारलं, ‘घरात कोणी हे औषध घेतं का?’ तू म्हणालीस, “माझ्या घरी नाही.” तुझ्या घरी, हे शब्द तू हळू उच्चारलेस. मी टेबलावरच्या काचेखालचं कॅलेंडर बघत होते. मला वाटलं तुला काही माहीत नाही, म्हणून तू तसं बोललीस. तू माझ्यासाठी जागा सोडली होतीस.

मी जुडी घेऊन निघाले तर तुझ्या आईने हाक मारली.

“आनि येक. तिनं इचारलंय, त्या दिवशी मी धावले का गोली धावली? तुला मोजता येतं, तर सांग, बोलली. आनि गोड करून नको सांगू.”

मोजून सांगते, पण मला चार दिवस दे. त्याआधी दुसरं काही लिहायला हवं.

आमच्या प्रयोगशाळेत नोंदवहीत चूक झाली तर खोडत नाहीत, पांढरं लावत नाहीत, पान फाडत नाहीत. चुकीच्या ओळीवर एकच रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी. शेजारी बरोबर नोंद, सही, तारीख. ३० जानेवारीचं माझं पत्र तुझ्याकडे असेल तर काढ. ‘ती तुझ्यापर्यंत पोचली हे मला माहीत नव्हतं’ या वाक्यावर एक रेघ मार. ४ तारखेच्या पत्रात ‘नोटिशीवर गोळीचं नाव वाचलं आणि घरी येऊन दाजींची डबी उघडली’ असं आहे. त्यावरही एक. डबी मी उघडली होती, पण जे मला आधीच माहीत होतं ते पुन्हा बघायला.

बरोबर नोंद अशी आहे.

२४ नोव्हेंबर २०२४, सकाळी सव्वासात. मी पहिल्या पाळीला होते. दाजींचा पुण्याहून फोन आला. खुशीत होते. म्हणाले, “सोनीला गूल दिला. माझ्या वाटची ताकदीची पन दिली तिला. आज बग तू.” तुझी शर्यत नऊ चाळीसला होती. म्हणजे माझ्याकडे दोन तास पंचवीस मिनिटं होती. गोळी यादीत आहे हे मला पाठ होतं. तुला फोन करून ‘धावू नकोस’ म्हणता आलं असतं. तुझ्या एक्केचाळीस प्रश्नांना मी त्याहून कमी वेळात उत्तरं दिली होती.

मी हिशेब केला. त्या स्पर्धेत आधीच्या वर्षी किती जणींची तपासणी झाली होती ते मला ठाऊक होतं. दहात एक, फार तर. एका बाजूला ते ठेवलं आणि दुसऱ्या बाजूला तू, तुझ्या सरावाची गेली सहा वर्षं आणि दाजींचा आवाज. इतके खूश मी त्यांना ऑपरेशननंतर ऐकलं नव्हतं. आणि थांब म्हणायचं तर ‘ताकदीची’ या शब्दाचा खुलासा करावा लागला असता.

मी म्हणाले, “बरं.”

तेवढंच. मग मशीनवर पुढचा नमुना लावला. साडेदहाला दाजींचा पुन्हा फोन आला, तू पहिली आलीस म्हणून. दुपारी तुझा आला: “मनुताई, टेस्टला माझंच नाव निघालं. बाटलीभर पाणी प्यायले तरी होईना.” तू हसत होतीस. मीही हसले.

दाजी अजाणतेपणी चुकले. मी जाणून चुकले. त्यांच्या प्रतिज्ञापत्राच्या मसुद्यात हा फोन नाही, कारण तो मी दिपिका वकिलांना सांगितलेला नाही. उद्या सांगणार आहे.

मनस्वी


नवीन पनवेल
१३ फेब्रुवारी २०२६

सोनम,

हे पत्र पोस्टाने येत नाही, दाजींच्या हाती देते आहे. जायचा हट्ट त्यांचाच. मी बरोबर येते म्हटलं तर म्हणाले, “तुझा तू कागूद लिव. माझं मी तोंडानं बोलतो.”

सोबत दोन प्रतिज्ञापत्रं आहेत. एक त्यांचं, दीड पान. एक माझं, तीन पानं. सव्वासातचा फोन दुसऱ्या पानावर आहे. माझ्या जबानीमुळे तुझ्या केसला मदतच होईल, पण किती ते सांगता येत नाही, असं दिपिका वकील म्हणाल्या. दोन वर्षं होतील याची हमी नाही. त्यांनी मला विचारलं, हा फोन लिहिलाच पाहिजे का? दाजींचा कागद पुरेसा आहे. मी म्हणाले, लिहायचा आहे. कंपनीलाही मी स्वतः कळवलं. सोमवारपासून घरी बसायला सांगितलं आहे. चौकशी किती दिवस चालेल माहीत नाही. हे तुला सांगायचं नव्हतं, पण तू दुसऱ्या कोणाकडून ऐकशील.

अपिलाच्या शेवटच्या पानावर तुझी सही लागेल. दिपिका वकिलांनी पेन्सिलने फुली केली आहे. नको वाटलं तर करू नकोस. दाजी न विचारता परत येतील, तसं त्यांच्याकडून कबूल करून घेतलं आहे.

आता तुझा प्रश्न.

त्या सकाळच्या आधी दाजींनी तुला ती गोळी कधीच दिली नव्हती. हे मी त्यांना तीन वेळा, तीन वेगळ्या प्रकारे विचारलं. त्यामुळे त्याआधीची तुझी प्रत्येक वेळ गोळीशिवायची आहे. माझ्या वहीत शेवटची पूर्ण पाच हजारची वेळ १० नोव्हेंबर २०२४ ची आहे. गावचं मैदान, सकाळी साडेसहा, वारा नाही, तू एकटी. १७:०१. घड्याळ मी धरलं होतं.

पण ते मैदान दाजींनी दोरीने आखलेलं. शंभर मीटरची दोरी, चार वेळा टाकून एक फेरी. काल तुझे वडील आणि मी पन्नास मीटरचा टेप घेऊन गेलो. त्यांनी टेपचं टोक दाबून धरलं होतं. दोरी मोजली. ती नव्याण्णव मीटर वीस सेंटिमीटर भरली. दोनदा मोजली. दाजी म्हणाले, “आटली आसंल पावसात.” असेल. म्हणजे तुझी फेरी ३९६.८ मीटरची, आणि साडेबारा फेऱ्या म्हणजे ४९६० मीटर. त्या दिवशी तू चाळीस मीटर कमी धावलीस. तुझ्या वेगाने त्याला आठ सेकंद लागले असते.

तुझी खरी वेळ १७:०९.

पुण्याला दुसरी आलेली मुलगी १७:०४ होती. तिसरी १७:१६.

तू दुसरी आली असतीस.

१६:५२ आणि १७:०९ यांत सतरा सेकंद आहेत. त्यांतले किती स्पर्धेचे, किती चांगल्या ट्रॅकचे, किती नव्या बुटांचे आणि किती गोळीचे, हे मला मोजता येत नाही. एका गोळीने निरोगी माणसाला किती फरक पडतो याचा भरवशाचा अभ्यास मी शोधला, मिळाला नाही. सतरापैकी गोळीचं शून्य असू शकेल. सगळे सतराही असू शकतील. तू पहिली नसतीसच आली, असं मी म्हणू शकत नाही. आली असतीस असंही नाही. १७:०९ मात्र पूर्ण तुझे आहेत, त्यात कोणाच्या वाटचं काही नाही.

रेल्वेच्या अर्जाला राष्ट्रीय स्पर्धेतला दुसरा क्रमांक चालतो. हे मी परवा वाचलं. आधी वाचलं असतं तरी त्या सकाळी ‘बरं’च म्हणाले असते का, हे मी स्वतःला विचारून बघितलं. याचं उत्तर मला वहीत सापडत नाही.

माफी मागणारं वाक्य या पत्रात नाही, हे तुझ्या लक्षात येईल. ते लिहिलं होतं. वाचल्यावर गोड वाटलं, म्हणून काढून टाकलं. इथे रेघ मारायचा नियम मी मोडला आहे.

तू हे वाचत असताना दाजी समोर उभे असतील. त्यांना बसायला सांग, चढ चढून आले की धाप लागते. गोळीचं नाव ते आपणहून म्हणून दाखवतील. पहिल्यांदा चुकतील, दुसऱ्यांदा बरोबर म्हणतील. मध्ये थांबवू नकोस.

त्यांची पिशवी मी भरलेली नाही. त्यात काही खायचं निघालं तर खाण्याआधी फोटो पाठव. त्यासाठी फोन सुरू करावा लागेल, हे मला माहीत आहे.

मनस्वी